कोकणातल्या वाचनालयातून चित्रपट आणि मानसशास्त्राचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी, मालवण या भागातले विद्यार्थी प्रकल्पासाठी 'सिनेमा आणि मन' हा विषय हौसेने घेतात आणि पंधरा दिवसांत अडतात. पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय हा अभ्यास होणारच नाही, असं त्यांना वाटू लागतं. होतो. त्यासाठी काय करायचं, कुठे बघायचं आणि कशापासून सावध राहायचं, ते इथे प्रश्नोत्तरांत मांडलं आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांइतकंच ते शिक्षकांना आणि हौशी अभ्यासकांनाही उपयोगी पडावं.

'चित्रपटांचा मनावर होणारा परिणाम' असा विषय घेतला आहे. चालेल ना?

एवढ्या मोठ्या विषयावर आयुष्य घालवता येईल, पण चाळीस पानांचा प्रकल्प होणार नाही. कोणते चित्रपट, कोणाच्या मनावर आणि कसला परिणाम, या तिन्हींची उत्तरं शीर्षकातच द्या.

आधी एक निवड करा. तुम्हाला पडद्यावरचं मन अभ्यासायचं आहे की पडद्यासमोरचं? पडद्यावरचं म्हणजे पात्रं, त्यांचे आजार, त्यांची नाती, दिग्दर्शकाने ते दाखवण्यासाठी वापरलेली तंत्रं. पडद्यासमोरचं म्हणजे प्रेक्षक: त्याचं लक्ष, स्मरण, भीती, रडणं, घरी गेल्यावर उरलेला विचार. बहुतेक जण पहिला रस्ता धरतात, कारण त्यासाठी घराबाहेर पडावं लागत नाही. माझं मत विचाराल तर कोकणात बसून दुसरा रस्ता जास्त फळाला येतो. इथे प्रेक्षक हाताशी आहेत. गणपतीत व्हीसीआर आणून रात्रभर लागोपाठ सिनेमे पाहिलेली पिढी अजून ओटीवर बसून बोलते आहे. कोकण म्हटलं की भुताखेतांची गोष्ट, ही पडद्यावरची सवय इथल्या मुलांच्या मनात आपल्याच गावाबद्दल काय पेरते, हा विषय घेऊन कोणी नीट बसलं तर त्यातून उत्तम काम होईल. दशावतारात रात्री राजा झालेला माणूस सकाळी दुकानात भेटतो, तरी जत्रेच्या रात्री त्याचा दरारा वाटतोच. पडद्यावरच्या नटाबद्दल वाटणारं आणि हे, यांत फरक काय? हाही प्रश्न मानसशास्त्राचाच आहे.

गावच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्याच जास्त. तिथे जाऊन काय मिळणार?

रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. म्हणजे हिंदुस्थानात सिनेमा आला तेव्हा ही वाचनालयं आधीच वयाने मोठी होती. त्यामुळे चित्रपटाबद्दल मराठी माणूस काय वाचत होता आणि काय लिहीत होता, याचा माग अशाच ठिकाणी लागण्याची शक्यता जास्त.

तिथे 'चित्रपट-मानसशास्त्र' नावाचं कपाट नसतं. साहित्य विखुरलेलं असतं. नटनट्यांची आणि दिग्दर्शकांची आत्मचरित्रं चरित्र विभागात सापडतात. पटकथा कधी नाटकात लावलेल्या असतात. सिनेमावरचे चांगले दीर्घ लेख दिवाळी अंकांत, आणि ते अंक बांधून ठेवले असतील तर संदर्भ विभागात. जुन्या मासिकांचे बांधीव खंड मागितल्याशिवाय कोणी बाहेर काढत नाही, म्हणून मागा. देवघेवीच्या टेबलावर 'नाही' असं उत्तर मिळालं, तरी दाखल नोंदवही बघू द्या अशी विनंती करा. तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, एखादं पुस्तक निसटतं, पण विकत घेतलेलं किंवा भेट आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी ठेवून जा. दमट हवा, कसर आणि पूर यांनी कोकणातल्या ग्रंथसंग्रहांचं खूप नुकसान केलं आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूण बुडालं, तेव्हा तिथल्या वाचन मंदिरातही पाणी शिरलं. जे खंड उरले आहेत ते जपून हाताळा. पानं दाबून सपाट करू नका. फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोणत्या मांडणीपाशी जाऊ?

ड्युई दशांश पद्धत, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची पद्धत, असेल तर चित्रपट 791.43 ला, मानसशास्त्र 150 च्या घरात. भावना 152.4, बालमानसशास्त्र 155.4, सामाजिक मानसशास्त्र आणि माध्यमं 302 पासून, मानसिक आजार वैद्यकाच्या बाजूला 616.89. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपला विषय दोन टोकांच्या कपाटांत वाटला गेला आहे, त्यामुळे चालावं लागणारच. चालताना शेजारची पुस्तकंही बघा.

ग्रंथपालांना नेमकं काय विचारू?

'सिनेमावर काही आहे का?' असं विचारू नका. 'मराठी चित्रपटात नैराश्य कसं दाखवलं गेलं यावर काम करतोय, 2000 नंतरची परीक्षणं आणि मानसशास्त्राची परिभाषा हवी आहे' असं सांगा. विषय, काळ आणि साहित्याचा प्रकार, एवढं सांगितलं की त्यांना मदत करता येते. दुपारच्या गर्दीत न जाता सकाळी जा आणि दुसऱ्या फेरीला काय वाचलं ते सांगा. ज्याने आधीचं वाचलं आहे त्याच्यासाठी ग्रंथपाल माळ्यावरचा गठ्ठाही खाली काढतात, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

इंग्रजी शोधनिबंध उघडले की पैसे मागतात. काय करायचं?

आधी आपल्या महाविद्यालयाकडे काय आहे ते बघा. अनुदानित महाविद्यालयांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देणारी इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राची एन-लिस्ट योजना आहे. तिचं लॉगिन ग्रंथपाल देतात, आणि कित्येक विद्यार्थी ते मागतच नाहीत. सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही शोधनियतकालिकांची सामायिक वर्गणी योजना सुरू झाली आहे. तुमच्या संस्थेला यातलं काय लागू आहे ते विचारून घ्या. ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक किंवा लेखाची प्रत मागवता येते.

लॉगिन नसलं तरी बरंच काही खुलं आहे. शोधगंगेवर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मिळतात, मराठीत लिहिलेलेसुद्धा. तिथे तुमच्या विषयाजवळचा एक प्रबंध शोधा आणि त्याची संदर्भसूची आधी वाचा. मेहनत अर्धी होईल. खरगपूरच्या आयआयटीने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, जुनी पुस्तकं-मासिकं ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह आणि वैद्यकीय शोधनिबंधांची सूची असलेलं पबमेड या तिन्ही जागा विनाशुल्क वापरता येतात. पबमेडवर प्रत्येक वेळी पूर्ण लेख मिळत नाही, पण सारांश मिळतो, आणि लेख वाचण्याजोगा आहे की नाही हे त्यावरून कळतं. पूर्ण लेख हवाच असेल तर लेखकाला दोन ओळींचा नम्र ईमेल करा. संशोधक बहुधा आनंदाने प्रत पाठवतात.

शोधपेटीत कोणते शब्द टाकू?

इंग्रजी तालिकांमध्ये 'मोशन पिक्चर्स – सायकॉलॉजिकल अ‍ॅस्पेक्ट्स' असा ठरलेला विषय-मथळा असतो. तो टाकला की भरकटलेलं साहित्य गळून पडतं. मराठीत काळाप्रमाणे शब्द बदला. जुन्या अंकांत 'बोलपट' आणि 'मूकपट' शोधा, नंतरच्या अंकांत 'चित्रपट' आणि 'सिनेमा'. एकच शब्द धरून बसलात तर वीस-पंचवीस वर्षांचं साहित्य हातून जाईल.

सुरुवातीला वाचायचं काय?

ह्यूगो मुन्स्टरबर्गपासून सुरुवात करा. हार्वर्डच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेतला हा माणूस 1916 मध्ये, सिनेमा मुका होता तेव्हा, त्यावर आख्खं पुस्तक लिहून गेला. त्याचं म्हणणं साधं आणि अजून ताजं आहे. क्लोजअप म्हणजे आपलं लक्ष एका गोष्टीवर एकवटणं, आणि कथा मागे जाते ते आपलं आठवणं. मनाच्या आत घडणारी क्रिया सिनेमा बाहेर पडद्यावर करून दाखवतो. पुस्तक स्वामित्वहक्काबाहेर गेलं आहे, इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण मिळतं. इंग्रजी जड वाटलं तर फक्त लक्ष, स्मरण आणि भावना ही प्रकरणं वाचा. त्यानंतर रुडॉल्फ अर्नहाइम बघा. तो गेस्टाल्ट परंपरेत, म्हणजे मन सुट्या भागांऐवजी पूर्ण आकृती पाहतं असं मानणाऱ्या मानसशास्त्रात, तयार झालेला. मूक, कृष्णधवल सिनेमात जे नाही, म्हणजे रंग, आवाज, दृश्याची खोली, त्या उणिवांतूनच कला कशी घडते हे त्याने 1932 मध्ये मांडलं.

प्रयोगांकडे वळायचं तर फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांचा 1944 चा निबंध वाचाच. त्यांनी एक छोटीशी चित्रफीत बनवली. तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप करणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच. काय दिसलं ते लिहा, असं पहिल्या गटातल्या 34 जणांना सांगितलं. निव्वळ भौमितिक आकारांचं वर्णन करणारी व्यक्ती एकच निघाली. बाकीच्यांनी दांडगाई, पाठलाग, प्रेम, सुटका अशी गोष्टच लिहिली. ही फीत इंटरनेटवर आहे. वर्गात दाखवा आणि सगळ्यांना लिहायला सांगा, मग प्रेक्षक पडद्यावर मन कसं बहाल करतो ते समोर दिसेल. पडद्यावरची हिंसा आणि मुलं असा विषय असेल तर अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांचा 1963 चा निबंध मुळातून वाचा. आक्रमक वागणं पाहून मुलं त्याची नक्कल करतात का, हे पाहणारा 96 मुलांवरचा हा प्रयोग पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात. मूळ निबंधात मात्र प्रत्यक्ष माणूस, चित्रफितीतला माणूस आणि कार्टूनसारखं पात्र अशी वेगवेगळी तुलना आहे. तुमच्या कामाचं सगळं त्या तुलनेत आहे.

भारतीय प्रेक्षकाबद्दल मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांच्या 1989 च्या 'इंटिमेट रिलेशन्स'मधलं हिंदी सिनेमावरचं प्रकरण आणि आशिष नंदी यांनी 1998 मध्ये संपादित केलेलं 'द सीक्रेट पॉलिटिक्स ऑफ अवर डिझायर्स' ही दोन पुस्तकं हवीतच. पटतील असं नाही. कक्करांचे निष्कर्ष गावातल्या प्रेक्षकाला कितपत लागू पडतात, हा वाद तुम्ही घालावा असं मला मनापासून वाटतं.

यूट्यूबवर कुलेशोवचा प्रयोग पाहिला. तोच पुरावा म्हणून देऊ का?

थांबा. लोकप्रिय गोष्ट अशी सांगतात: रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोवने मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, अशी वेगवेगळी दृश्यं जोडली. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. 1920 च्या आसपासची ही गोष्ट. पण ती मूळ फीत आज उपलब्ध नाही. प्रेक्षक किती, त्यांना काय विचारलं, याची नोंद नाही. तिसरं दृश्य लहान मुलाचं की स्त्रीचं, यावरही सांगणाऱ्यांत एकमत नाही. यूट्यूबवर दिसतात त्या नंतर केलेल्या नकला.

स्टीफन प्रिन्स आणि वेन हेन्स्ली यांनी 1992 मध्ये हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा सांगितला जातो तसा परिणाम त्यांना मिळाला नाही. पुढे 2006 मध्ये मेंदूच्या स्कॅनसह झालेल्या एका अभ्यासात मात्र भोवतालच्या दृश्याने चेहऱ्याचा अर्थ बदलतो असं दिसलं. म्हणजे परिणाम असू शकतो, पण तो दंतकथेइतका सरळ नाही. तुमच्या प्रकल्पात ही सगळी साखळी आली तर परीक्षकाला कळेल की तुम्ही ग्रंथालयात बसला होता. प्रत्येक प्रसिद्ध दाव्याला हाच नियम लावा. मूळ निबंध कोणता, आणि नंतर तो कोणी तपासला?

नायकाला अमुक आजार आहे असं मी लिहू शकते का?

लक्षणं लिहा, निदानाचा शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-11 ही आजारांची वर्गवारी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. ती समोर ठेवा आणि चित्रपटात लक्षणांपैकी काय दाखवलं, काय गाळलं, काय चढवलं ते नोंदवा. स्किझोफ्रेनिया म्हणजे दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व, हा घोटाळा पडद्यावर फार जुना आहे. तुमच्या चित्रपटात तो आहे का ते तपासा. विजेच्या उपचाराचं दृश्य असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 95 वाचा: भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय तो उपचार करायला बंदी आहे. पडद्यावर हातपाय बांधून झटके देताना दाखवतात. हा फरक नोंदवला तरी एक प्रकरण उभं राहतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथली पायरी चढायला इथला माणूस अजून बिचकतो. त्या बिचकण्यात सिनेमाचा वाटा किती, हे विचारणारा अभ्यास व्हायला हवा.

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकांचं काम यासाठी बघावं. 'देवराई' स्किझोफ्रेनियावर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर. 'कासव' नैराश्यावर, आणि तो तर घडतोच कोकणच्या किनाऱ्यावर, ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाच्या सोबतीने. 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. या चित्रपटांशी जोडलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. आजारी माणसाभोवतीची माणसं काय करतात, याकडे या चित्रपटांचं लक्ष जास्त आहे. तुमचंही असू द्या.

हवा तो जुना चित्रपट मिळत नाही.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते 1964 मध्ये सुरू झालं, आता एनएफडीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, छत्राखाली आहे. चित्रपटांखेरीज तिथे पुस्तकं, मासिकं, पटकथा, भित्तिपत्रकं आणि गाण्यांच्या पुस्तिका आहेत. आधी पत्र पाठवून वेळ ठरवा, महाविद्यालयाचं शिफारसपत्र घ्या आणि नेमकी यादी तयार ठेवूनच एसटीत बसा. घरबसल्या इंडियनसिने.मा या संकेतस्थळावर चित्रपटांची माहिती आणि टिपणं मिळतात. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमन यांचा 'एनसायक्लोपीडिया ऑफ इंडियन सिनेमा' सालं आणि श्रेयनामावली तपासायला चांगला.

स्वामित्वहक्काचं थोडक्यात: आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो. हक्क अजून चालू असलेल्या चित्रपटातली काही चित्रं किंवा संवाद संशोधनासाठी आणि समीक्षेसाठी वापरायला 1957 च्या कायद्याचं कलम 52 मुभा देतं. आख्खा चित्रपट उतरवून वाटायला ते मुभा देत नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाच्या मनाचा अभ्यास कसा करणार? त्याला विचारता तर येत नाही.

त्याला विचारून ठेवलं आहे. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली 1927-28 मध्ये सिनेमाची चौकशी करणारी सरकारी समिती नेमली होती. तिने देशभर फिरून साक्षी घेतल्या. अहवाल 1928 चा. साक्षींचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. सिनेमाने मुलं बिघडतात का, गुन्हे वाढतात का, बायकांनी यावं का, यावर शिक्षक, पोलीस अधिकारी, थिएटरमालक, वर्तमानपत्रवाले यांची उत्तरं शब्दशः छापलेली आहेत. आज मोबाइलबद्दल जे बोललं जातं ते तेव्हा सिनेमाबद्दल बोललं जात होतं, हे वाचताना अंगावर काटा येतो. बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाचे जुने अंकही तिथेच मिळतात. त्यातली वाचकांची पत्रं म्हणजे प्रेक्षकाच्या मनाचा थेट कागद आहे. लोक नटीबद्दल काय विचारत, कशावर चिडत, हे मोजा, वर्गवारी करा. खिशातून एक रुपया न घालता होणारा हा प्रकल्प आहे, आणि मी सगळ्यांना आधी हाच सुचवतो.

गावातल्या प्रेक्षकांना प्रश्नावली द्यायची आहे. काय सांभाळू?

संमती लेखी घ्या, नावं बदला, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांनाही विचारा. प्रश्नावली स्वतः रचण्याआधी तयार मापनी, म्हणजे आधीच तपासलेला प्रश्नसंच, शोधा. प्रेक्षक कथेत किती ओढला गेला हे मोजण्यासाठी मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 मध्ये एक मापनी दिली आहे. मराठीत आणताना एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत इंग्रजीत न्यावं, मग दोन्ही ताडून पाहावीत. मालवणीत बोलणाऱ्या आजींना छापील मराठीतली विधानं वाचून दाखवू नका. त्यांच्याशी बोला आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा. 'बरा वाटला' आणि 'जीव गलबलला' यांतलं अंतर एक ते पाचच्या आकड्यांत बसत नाही.

दुःखद किंवा हिंसक दृश्य दाखवणार असाल तर आधी सांगा आणि मध्येच उठून जायची मोकळीक द्या. कोणाला त्रास झाला तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक जवळ असू द्या. तो प्रश्नावलीच्या तळाशी छापूनच ठेवा.

पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातं.

मे महिन्यातच सगळे लेख उतरवून घ्या. फाइलला लेखक आणि साल असं नाव द्या. पावसाळा वाचायला आणि टिपणं काढायला ठेवा. बांधीव खंडांचं काम मात्र उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर करा, ओलसर हवेत जुनी पानं फार लवकर फाटतात.

चॅटबॉटने संदर्भांची यादी दिली आहे. वापरू?

एकेक संदर्भ तालिकेत किंवा नियतकालिकाच्या पानावर प्रत्यक्ष सापडला तरच. अस्तित्वात नसलेले लेख खऱ्या लेखकांच्या नावावर खपवलेले अशा यादीत सर्रास असतात. जो तुम्ही उघडून वाचला नाही, तो संदर्भ लिहू नका.

चित्रपटाचा संदर्भ कसा द्यायचा? आणि मराठीत लिहिलं तर?

मानसशास्त्र विभागात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) पद्धत चालते, तीत चित्रपटासाठी लेखकाच्या जागी दिग्दर्शकाचं नाव येतं. दृश्याचा उल्लेख करताना तास-मिनिट-सेकंद द्या. मराठीत जरूर लिहा. मराठी विश्वकोश आता ऑनलाइन आहे, परिभाषेसाठी तो आणि भाषा संचालनालयाचे कोश बघा. एकदा घेतलेली संज्ञा शेवटपर्यंत बदलू नका.

प्रकल्प संपल्यावर वाचनालयाला प्रत द्यायची का?

द्या, आग्रहाने द्या. गावातल्या प्रेक्षकांच्या मुलाखती दुसरीकडे कुठेच मिळणार नाहीत. खरी नावं आणि फोन क्रमांक काढून टाका, संमतीपत्रात 'वाचनालयात ठेवण्यास हरकत नाही' हे वाक्य आधीच घाला, एक छापील प्रत बांधून घ्या आणि दाखल नोंदवहीत ती चढली की दाखल क्रमांक लिहून घ्या. पुढच्या वर्षी कोणी याच विषयावर विचारायला आलं तर तोच क्रमांक त्याला सांगता येईल.